एवढा खर्च करून नेलं, तरी तोंड वाकडंच!

मे संपला की जूनमध्ये माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, मॅडम एवढा खर्च करून मुलांना फॉरेनला नेलं आणि पोरं तोंड वाकडं करून बसली, आता घरात कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. कधी बँकॉक असतं कधी बाली, वाक्य तेच. म्हणून एका कुटुंबाचं लिहितेय, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

पुण्याचे आईबाबा, १४ वर्षांची मुलगी आणि सिंगापूर. बाबांनी एक्सेल शीट केली होती, मला मोबाईलवर दाखवलीसुद्धा, सकाळी सातच्या ब्रेकफास्टपासून रात्री दहापर्यंत एक रकाना रिकामा नाही. भांडण झालं गार्डन्स बाय द बे मध्ये. तिथे ते सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे आहेत ना, सगळ्यात उंच ५० मीटरचा, पावणेआठला लाइट शो सुरू होतो आणि लोक चक्क जमिनीवर आडवे पडून वर बघतात. ही मात्र गुडघ्यात डोकं घालून बसलेली. बाबा सगळ्यांदेखत ओरडले, "वर बघ! कशासाठी आणलंय तुला?" ती म्हणाली, "मी सांगितलं होतं आणायला?" झालं. तेव्हापासून अबोला.

आधी शरीराचं बोलूया, ते कोणी धरतच नाही. सिंगापूर विषुववृत्ताला जवळपास चिकटून आहे. ३१-३२ डिग्री म्हणजे पुण्याच्या मे महिन्यापुढे काहीच नाही असं वाटतं पण तिथे हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि मॉलमध्ये शिरलं की एसीने कुडकुडायचं. वर तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे सातचा ब्रेकफास्ट हा आपल्या शरीराचा पहाटे साडेचारचा. या वयातल्या मुलांना मुळातच रात्री उशिरा झोप येते. अशा पोरीला उद्धट म्हणायच्या आधी दुपारी दोन तास झोपू द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

पण उरलेली निम्मी झोपेने मिटत नाहीत. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते, त्यामुळे काय घडलं यापेक्षा माणूस त्यातून काय मागत होता इकडे माझं लक्ष जास्त असतं. बाबा सारखं म्हणायचे, लहानपणी मी आजोळ सोडून काही बघितलं नाही, हिला सगळं मिळावं एवढंच वाटतं. एकदा मी विचारलं,

"ती खुश झाली हे तुम्हाला कशावरून कळलं असतं?"

"हसली असती."

"अजून?"

"फोटोत नीट उभी राहिली असती."

"अजून?"

बराच वेळ गेला. मी बोलले नाही, अशा वेळी गप्प बसणं मला जमतं आणि ते सगळ्यांना जमतं असं नाही. मग हळूच म्हणाले, "थँक्यू बाबा म्हणाली असती." आणि स्वतःच हसले, "म्हणजे मी पोरीकडे पावती मागत होतो की!"

हे मी सांगितलं असतं तर ते वाद घालत बसले असते. स्वतःच्या तोंडून आलं म्हणून आत गेलं. थँक्यू म्हटलं तर बरं वाटेल, यात काही चूक नाही हो, पण म्हटलंच पाहिजे असं मनात धरलं की मुलाच्या चेहऱ्यावर पहारा सुरू होतो. आणि पहाऱ्यात कोण हसणार?

नंतर मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, तुला काय आवडलं. ती म्हणाली, "मेट्रो."

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. सेंटोसा बेटावरून परत येताना हार्बरफ्रंट स्टेशनला ते मेट्रोत बसले होते, लिटल इंडियात जेवायला जायचं म्हणून. त्या लाइनवरच्या गाडीला ड्रायव्हरच नसतो, अगदी पुढच्या काचेला नाक लावून बोगदा बघता येतो. "मी आणि बाबा पुढे उभे होतो. ड्रायव्हर नसताना गाडी बरोबर दारासमोर कशी थांबते ते बाबा सांगत होते. तेव्हा ते चिडलेले नव्हते."

आई म्हणाली, "आणि मी मागे पिशव्या सांभाळत होते."

म्हणून माझं सांगणं, दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा, अर्धा दिवस मुलांच्या हातात द्या, मग त्यांनी हॉटेलच्या पूलमध्येच डुंबायचं ठरवलं तरी "हे तर इथेही होतं" असं म्हणू नका. पैशांचं जे बोलायचं ते तिकीट काढायच्या आधी घरी बोला, तिथे गेल्यावर खर्चाचा उच्चार नको. मजा येतेय ना, हा प्रश्न तर दिवसातून एकदासुद्धा नको.

आणि आईलाही विचारा. या आईला मी विचारलं तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "मला त्या मुस्तफा मॉलमध्ये एकटीला दोन तास सोडा, आणि कुठे आहेस म्हणून फोन करू नका."