प्लग-इन बसवले, तरी दिसत का नाही?

एक्लिप्स या एकात्मिक विकसन साधनात, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्लग-इन (नवी सोय जोडणारा पूरक भाग) बसवताना येणाऱ्या अडचणींविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील तक्रारी एकमेकींशी निगडित असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी जावा शिकत आहे. मला हव्या असलेल्या प्लग-इनची जार फाइल (जावाच्या फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) उतरवून घेतली आणि एका जुन्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती एक्लिप्सच्या ‘प्लगइन्स’ फोल्डरमध्ये ठेवली. एक्लिप्स बंद करून पुन्हा चालू केले, संगणकही नव्याने सुरू केला, तरी मेनूत काहीही दिसत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. फाइल खराब असेल का?

उत्तर : फाइल बहुधा उत्तम स्थितीत आहे आणि आपल्या पुस्तकानेही त्याच्या काळापुरते बरोबरच सांगितले आहे. मधल्या काळात पद्धत बदलली, एवढेच.

२००४ मधील ३.० या आवृत्तीपासून एक्लिप्सचा पाया ओएसजीआय या, जावा प्रोग्राम सुट्या भागांतून जोडण्याच्या, मानकावर उभा आहे. त्यात प्रत्येक प्लग-इन हे एक ‘बंडल’ असते आणि त्याच्या जार फाइलमध्ये ‘मॅनिफेस्ट’ नावाची छोटी मजकूर-फाइल असते. आपले नाव काय, आवृत्ती कोणती आणि चालण्यासाठी आपल्याला दुसरी कोणकोणती बंडले लागतात, हे ते बंडल तेथे स्वतःच सांगते. पूर्वी सुरू होताना एक्लिप्स प्लगइन्स फोल्डर चाळून जे सापडेल ते उचलत असे, म्हणून फाइल तेथे टाकली की काम भागत असे. २००८ मध्ये ३.४ या आवृत्तीबरोबर ‘पी-टू’ ही नवी स्थापना-व्यवस्था आली. तेव्हापासून ‘कॉन्फिगरेशन’ फोल्डरच्या आत ‘बंडल्स डॉट इन्फो’ नावाची एक फाइल असते आणि कोणती बंडले घेऊन सुरू व्हायचे, हे एक्लिप्स तिच्यावरून ठरवते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ओळीवर एका बंडलाचे नाव, आवृत्ती आणि जार फाइलचा मार्ग असतो आणि ओळीच्या शेवटी बहुतेक ठिकाणी ४ हा अंक व ‘फॉल्स’ हा शब्द दिसतो. आपण ठेवलेल्या जार फाइलचे नाव तेथे सापडणार नाही. वर्गात येऊन बसलेल्या, पण हजेरीपटावर नाव नसलेल्या विद्यार्थ्यासारखी तिची अवस्था आहे. मात्र या फाइलीत हाताने ओळ घालण्याच्या मोहात पडू नये. पी-टू आपली खरी नोंद दुसरीकडे ठेवते आणि पुढच्या कोणत्याही स्थापनेच्या वेळी ही फाइल नव्याने लिहिते, त्यामुळे आपली भर तेव्हा पुसली जाते.

योग्य मार्ग असा : ‘हेल्प’ मेनूतून ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’ निवडावे, ‘ॲड’ दाबून प्लग-इनच्या निर्मात्याने दिलेला ‘अपडेट साइट’चा, म्हणजे जेथून एक्लिप्स प्लग-इन उतरवून घेते त्या जागेचा, पत्ता घालावा, यादीत दिसलेल्या नावापुढे खूण करावी आणि शेवटी सुचवल्याप्रमाणे एक्लिप्स पुन्हा सुरू करावे. येथे दोन गोष्टी नवख्या माणसाला हमखास अडवतात. पहिली अशी की, तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडला असता ‘पान सापडत नाही’ असे अनेकदा येते आणि पत्ता चुकला असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागी माणसाने वाचायचे पान नसते. एक्लिप्स तेथे स्वतःला हव्या असलेल्या ठरावीक नावांच्या फाइली शोधते आणि त्या तेथे असल्या की पुरते. दुसरी अशी की, पत्ता बरोबर असूनही यादी रिकामी राहते आणि वर्गवारी केलेले काही नाही, एवढाच संदेश दिसतो. अशा वेळी त्याच खिडकीतील ‘ग्रुप आयटम्स बाय कॅटेगरी’ या चौकटीतील खूण काढून टाकावी, कारण निर्मात्याने वर्गवारी केलेली नसली तर ती खूण असेपर्यंत सर्व काही लपलेले राहते.

निर्मात्याने अपडेट साइट दिलीच नसेल आणि हाती केवळ जार फाइल असेल, तर ती ‘ड्रॉपइन्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. सुरू होताना पी-टू हे फोल्डर पाहते. मात्र त्या बंडलाला लागणारे दुसरे बंडल उपलब्ध नसेल, तर ते समोर काही न सांगता तसेच बाजूला पडून राहते. म्हणून अपडेट साइट असताना हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’च्या मार्गानेच गेलो, पण ‘आवश्यक घटक सापडले नाहीत’ अशा अर्थाची लांबलचक चूक आली. त्यात ‘ओआरजी.एक्लिप्स.जीईएफ [३.५.०, ४.०.०)’ असे काहीतरी आहे. कंस एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला गोल आहे, म्हणजे प्लग-इन लिहिणाऱ्याकडूनच चूक झाली आहे का?

उत्तर : कंस मुद्दाम तसे आहेत. चौकोनी कंस म्हणजे ती संख्या धरून आणि गोल कंस म्हणजे ती संख्या वगळून. गणितात मर्यादा दाखवताना हीच खूण वापरतात. आपल्या संदेशाचा अर्थ असा की, या प्लग-इनला जीईएफ हे बंडल ३.५.० किंवा त्यानंतरचे, परंतु ४.०.० च्या आधीचे हवे आहे.

आपण संदेश जसाच्या तसा उतरवून पाठवला, हे फार चांगले केले. अशा संदेशाची पहिली ओळ सर्वांना सारखीच येते आणि तिच्यातून काही कळत नाही. अर्थ असतो तो ‘मिसिंग रिक्वायरमेंट’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीत, कारण कोण कोणाची वाट पाहत अडले आहे, ते नाव आणि आवृत्तीसह तेथेच लिहिलेले असते. बहुतेक जण पहिली ओळ वाचून खिडकी बंद करतात, ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

जीईएफ ही आकृत्या काढण्यासाठी आणि संपादित करण्यासाठी लागणारी चौकट आहे. जावा विकसनासाठी मिळणाऱ्या एक्लिप्सच्या संचात ती सहसा नसते, पण एक्लिप्सच्या त्या-त्या प्रकाशनाच्या मुख्य साइटवर ती असते. म्हणून प्रथम ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इन्स्टॉल/अपडेट’ या भागाखालील ‘अव्हेलेबल सॉफ्टवेअर साइट्स’ उघडावे. आपल्या एक्लिप्सच्या प्रकाशनाची साइट, म्हणजे जिच्या नावात २०२३-१२ यासारखे वर्ष व महिना असतो ती, यादीत आहे का आणि तिच्यापुढे खूण आहे का, ते पाहावे. त्यानंतर स्थापनेच्या खिडकीत तळाशी असलेल्या ‘कॉन्टॅक्ट ऑल अपडेट साइट्स’ या चौकटीत खूण करून पुन्हा प्रयत्न करावा. वेळ वाचवण्यासाठी ही खूण काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. ती काढली की एक्लिप्स फक्त आपण निवडलेल्या साइटवरच शोधते आणि तेथे जीईएफ नसल्यामुळे हाच संदेश देते. आपल्याकडे तसेच झाले असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते.

त्याच ओळीत बंडलाऐवजी ‘जावाएसई’, म्हणजे जावाच, आणि एखादा अंक दिसला, तर अडचण वेगळी आहे, आणि खालच्या प्रश्नाचे उत्तर तिलाही लागू पडते.

प्रश्न : प्लग-इन व्यवस्थित बसले असे एक्लिप्स सांगते, पण त्याची खिडकी उघडली की चूक येते. ‘एरर लॉग’मध्ये (चुकांच्या नोंदवहीत) ६१ आणि ५५ असे अंक आहेत. माझ्या संगणकावर जावा १७ आहे आणि प्लग-इनलाही तेच हवे आहे. मग अडते कोठे?

उत्तर : हे अंक जावाच्या संकलित (कंपाइल केलेल्या) फाइलींच्या स्वरूपाचे क्रमांक आहेत. जावा ८ साठी ५२, जावा ११ साठी ५५, जावा १७ साठी ६१ आणि जावा २१ साठी ६५. म्हणजे प्लग-इन जावा १७ साठी संकलित केले आहे आणि ते वाचू पाहणारी जावा मात्र ११ आहे.

संगणकावर जावा १७ आहे, हे आपले म्हणणे खरेच असणार. मात्र एका संगणकावर जावाच्या अनेक आवृत्त्या नांदू शकतात आणि त्यांतील कोणती आवृत्ती कोण वापरतो, याच्या दोन वेगळ्या बाजू आहेत. प्रेफरन्सेसमधील ‘इन्स्टॉल्ड जेआरईज’ येथे आपण जी जावा निवडतो, ती आपल्या प्रकल्पांसाठी असते. एक्लिप्स स्वतः ज्या जावावर चालते, ती त्याहून वेगळी असू शकते आणि प्लग-इन तर एक्लिप्सच्याच पोटात चालते. आपले एक्लिप्स कशावर चालले आहे, ते पाहण्यासाठी ‘हेल्प’ मेनूतील ‘अबाउट’, तेथून ‘इन्स्टॉलेशन डिटेल्स’ आणि त्यातील ‘कॉन्फिगरेशन’ हे पान उघडावे. तेथील लांब यादीत ‘जावा.व्हर्जन’ ही ओळ शोधावी. माझ्या अंदाजाने आपल्याला तेथे ११ दिसेल.

उपाय ‘एक्लिप्स.आयएनआय’ या फाइलीत आहे. तीत एका ओळीवर ‘-व्हीएम’ आणि त्याच्या पुढच्या, स्वतंत्र ओळीवर जावा १७ च्या ‘बिन’ फोल्डरचा मार्ग लिहावा. या दोन ओळी ‘-व्हीएमआर्ग्ज’ या ओळीच्या आधीच आल्या पाहिजेत, कारण तिच्यानंतरचे सर्व काही एक्लिप्सच्या वाट्याला न येता थेट जावाकडे जाते. फाइलीत ‘-व्हीएम’ आधीपासूनच असेल, तर दुसरी जोडी न घालता त्याच्या खालचा मार्ग बदलावा. या ओळी जागेवर नसल्यामुळे योग्य जावा असूनही तासन्‌तास अडकलेले विद्यार्थी मी अनेकदा पाहिले आहेत. ओळी फाइलीच्या शेवटी चिकटवणे स्वाभाविक वाटते आणि नेमके तेच येथे चालत नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांना इंटरनेट नाही. तेथे प्लग-इन कसे बसवावे?

उत्तर : अनेक निर्माते संपूर्ण अपडेट साइट एका झिप फाइलीत देतात. ती न उघडता प्रयोगशाळेत न्यावी, ‘ॲड’ दाबल्यावर ‘आर्काइव्ह’ निवडून ती दाखवावी आणि या वेळी मात्र ‘कॉन्टॅक्ट ऑल अपडेट साइट्स’ची खूण जरूर काढावी. तशी काढली नाही, तर न लागणाऱ्या जाळ्याची वाट पाहत खिडकी रेंगाळत राहील. आवश्यक असलेली इतर बंडले त्या झिपमध्ये नसतील, तर इंटरनेट असलेल्या संगणकावर पी-टूच्या ‘मिरर’ या सोयीने लागणाऱ्या साइटची प्रत काढून ती न्यावी लागते.

आणखी सोपा मार्ग म्हणजे एका संगणकावर सर्व प्लग-इनांसह एक्लिप्स सिद्ध करून त्याचे संपूर्ण फोल्डर इतरत्र उतरवणे. त्यासाठी कार्यप्रणाली सारखी हवी आणि मूळ एक्लिप्स झिपमधून उघडलेले हवे. एक्लिप्सच्या इन्स्टॉलरने बसवलेले असल्यास बंडले बहुधा वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ‘.पी-टू’ या सामाईक साठ्यात असतात. तेव्हा नुसते एक्लिप्सचे फोल्डर नेले, तर दुसऱ्या संगणकावर ते सुरूच होत नाही.

प्रश्न : प्लग-इन बसवताना ‘स्वाक्षरी नसलेला मजकूर’ असा इशारा आला. पुढे जावे का? आणि नंतर पश्चात्ताप झाला तर मागे कसे यावे?

उत्तर : एक्लिप्समध्ये प्लग-इनला वेगळ्या कोठडीत ठेवण्याची सोय नाही. ते एक्लिप्सच्याच प्रक्रियेत चालते आणि आपल्याला जे अधिकार आहेत ते सर्व त्यालाही मिळतात. आपल्या फाइली वाचणे, त्या बदलणे, जाळ्यावरून काही पाठवणे, हे सर्व त्याला करता येते. ज्या संगणकावर आपल्या प्रकल्पांची संकेतवाक्ये आणि किल्ल्या असतात, तेथे ही गोष्ट हलकी मानू नये. इशारा एवढेच सांगतो की, या फाइली कोणी प्रमाणित केल्या आणि वाटेत त्या बदलल्या गेल्या का, हे तपासता आले नाही. लहान गटांची अनेक प्रामाणिक प्लग-इने स्वाक्षरीविना असतात. उलट स्वाक्षरी असणे म्हणजे हेतू शुद्ध असणे, असेही नव्हे. म्हणून पत्ता निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घेतला आहे का आणि तो ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो का, हे आधी पाहावे. या दोन्हींची खात्री नसेल, तर मी पुढे जाणार नाही आणि आपणही जाऊ नये.

मागे येण्यासाठी ‘इन्स्टॉलेशन डिटेल्स’मध्येच दोन वाटा आहेत. ‘इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर’ या पानावर नाव निवडून ‘अनइन्स्टॉल’ करता येते. ‘इन्स्टॉलेशन हिस्टरी’ या पानावर तर प्रत्येक बदलाच्या वेळची स्थिती तारखेसह नोंदलेली असते आणि त्यांतील एक निवडून ‘रिव्हर्ट’ दाबले की सबंध मांडणी त्या दिवशी होती तशी करता येते. एका प्लग-इनने सोबत दहा बंडले आणली असतील, तर दुसरी वाट अधिक स्वच्छ ठरते. जार फाइली हाताने पुसू नयेत.

प्रश्न : प्लग-इन ‘इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर’मध्ये दिसते, एरर लॉगही स्वच्छ आहे, तरी मेनू मात्र नाही.

उत्तर : अनेक प्लग-इनांचे मेनू विशिष्ट ‘पर्स्पेक्टिव्ह’मध्ये, म्हणजे खिडक्यांच्या ठरावीक मांडणीत, किंवा विशिष्ट प्रकारची फाइल उघडल्यावरच दिसतात. ‘विंडो’ मेनूतील ‘शो व्ह्यू’ आणि तेथून ‘अदर’ निवडून प्लग-इनचे नाव शोधावे. तेथे ते सापडले, तर ‘रीसेट पर्स्पेक्टिव्ह’ करून पाहावे, कारण पर्स्पेक्टिव्हची जुनी साठवलेली मांडणी नव्या नोंदी पुष्कळदा झाकून ठेवते.

प्रश्न : इंटेलिजे आयडिया आणि व्हीएस कोड या दुसऱ्या विकसन साधनांमध्येही हेच करावे लागते का?

उत्तर : पायऱ्या कमी आहेत, तत्त्व तेच आहे. इंटेलिजेमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्लगइन्स’ या पानावरून थेट स्थापना होते. जाळे नसेल, तर दातेरी चाकाच्या चिन्हाखालील ‘इन्स्टॉल प्लगइन फ्रॉम डिस्क’ वापरावे आणि उतरवलेली झिप फाइल न उघडता तशीच द्यावी. व्हीएस कोडमध्ये त्याच कामासाठी ‘व्हीएसआयएक्स’ फाइल असते आणि एक्स्टेन्शन्सच्या यादीवरील तीन ठिपक्यांच्या मेनूत ती निवडण्याची सोय आहे. चालण्यासाठी मूळ साधनाची कोणती आवृत्ती हवी, हे दोन्ही ठिकाणी प्लग-इनच्या वर्णन-फाइलीत लिहिलेले असते आणि ते न जुळल्यास स्थापना नाकारली जाते. तेव्हा नाकारल्याचा संदेश आला, तर प्रथम आपल्या साधनाचा आवृत्ती-क्रमांक पाहावा आणि मग त्याला जुळणारी प्लग-इनची जुनी आवृत्ती घ्यावी किंवा साधनच अद्ययावत करावे.