केटी प्रवेशाला आडवी येत नाही

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. गेल्या वर्षी नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, नंबर लागला नाही म्हणून ती सांगलीत बीएस्सीला गेली. पहिल्याच सेमला फिजिक्सला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पेपर पुन्हा द्यायचा. लिहिते, "ताई, आता डॉक्टरकी संपलीच ना? मार्कलिस्ट दप्तरात लपवलीय. आण्णांना सांगितलंय, निकाल अजून लागला नाही. क्लासची फी त्यांनी बेदाण्याच्या पैशातून भरली होती."

अगं, संपली कुठं? एमबीबीएसला तुझ्या बीएस्सीचे मार्क कुणी मोजत नाही. नीटला ७२० पैकी किती पडले, त्यावरून रँक, आणि रँकवर जागा. बारावीचे मार्कसुद्धा पात्रतेपुरते: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीवला ४०. तू लिहिलेस ४३, ६१ आणि ७४. म्हणजे ३०० पैकी १७८, जवळपास ५९ टक्के. वयाची वरची अट तर २०२२ मध्येच काढून टाकली.

पण तेच आकडे पुन्हा बघ. बारावीला ४३, आता केटी. दोन्ही वेळा फिजिक्सच! आणि पत्रात एक वाक्य तू ओझरतं लिहून गेलीस: "न्यूमेरिकल अडलं की मी उत्तर बघते आणि पुढं जाते." माझं बोट तिथंच थांबलं. केटीचं मूळ तिथं आहे, आणि नीट हुकल्याचंही बहुतेक तिथंच. बायोलॉजी ३६० मार्कांची असते, ती तुला हात देईल. पण फिजिक्सचे १८० सोडून देऊन मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी कॉलेजात जागा मिळेल, ही आशा धरू नकोस. नीटला अंदाजपंचेही भागत नाही, बरोबरला चार मिळतात तसा चुकीला एक जातो.

लातूरला गेलं की सगळं जमतं, असं आपल्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा सांगतात. मी तुला क्लास बदल म्हणणार नाही. एनसीईआरटीचं अकरावीचं फिजिक्स काढ, कार्य आणि ऊर्जेचा धडा घे. उत्तरांची पानं रबर लावून बंद कर. एक गणित, वीस मिनिटं. नाही सुटलं तर कुठल्या ओळीवर अडलं ते वहीत लिही आणि तेवढंच कॉलेजात सरांना विचार. (केटीचा पेपर आहेच, सर नाही म्हणणार नाहीत.) महिनाभर हे कर. मग जुन्या नीटचे फिजिक्सचे ४५ प्रश्न घड्याळ लावून एका तासात सोडव. गेल्या नीटला फिजिक्समध्ये पडले त्यापेक्षा आकडा वर हलला असेल, तर पुढच्या नीटचा फॉर्म भर. जागचा हलला नाही, तर आणखी एक वर्ष घालण्याआधी आपण पुन्हा बोलू. तोवर बीएस्सी सोडू नकोस.

आता आण्णा. तू म्हणतेस, ते चिडतील. चिडतील की! पण ज्याच्या बागेवर अवकाळी पडून गेलाय, त्याला तोट्याचं नवल नसतं. हिशेब लपवलेला मात्र बागायतदाराला खपत नाही. सौद्यात दर पडला तर तो घरी येऊन सांगतो, सांगतो ना? रात्री जेवणं झाली की मार्कलिस्ट त्यांच्या हातात दे. मोबाइलवरचा फोटो नको, कागदच दे. त्यासोबत ते अडलेल्या ओळींचं वहीचं पानही दाखव, आणि क्लासची फी आत्ता मागत नाही हे पहिल्यांदा सांग. आई "मी बोलते त्यांच्याशी" म्हणाली तरी तिला पुढं करू नकोस.