बोटीवर पोट बिघडलं तर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीनंतर समुद्र निवळतो आणि मुंबई-गोवा क्रूझची चौकशी सुरू होते. त्याच सुमारास बोटीवरच्या आजारपणाची पत्रंही येतात. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: संध्याकाळी मुंबईहून बोट सुटली. साडेआठला बुफेत जेवलो. अकराच्या सुमारास सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या, पहाटे सहाला मुलालाही उलटी आणि जुलाब. कुणी म्हणालं बोट लागली, कुणी म्हणालं जेवण बाधलं. नक्की काय ते ओळखायचं कसं? (रत्नागिरीहून एक वाचक)

उत्तर: आधी जुलाब आणि ताप बघा. बोट लागते तेव्हा जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, थंड घाम येतो, चेहरा पांढरा पडतो आणि मग उलटी होते. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी आडवं झालं किंवा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटू लागतं. नुसती बोट लागल्याने जुलाब होत नाहीत आणि तापही येत नाही. त्यामुळे मुलाला बोट लागली होती, असं म्हणता येणार नाही.

यानंतर घड्याळ बघायचं. जेवल्यावर अर्ध्या ते सहा तासांत जोरात उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. हाताळलेल्या क्रीमच्या पेस्ट्रीत, सँडविचमध्ये स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू वाढतो; शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस. जंतू मेले तरी त्यांचं विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून असा भात पुन्हा परतून फ्राइड राइस केला तरी तो बाधतोच. हा त्रास बहुधा चोवीस तासांत ओसरतो.

क्रूझवरच्या साथींमागे सर्वांत जास्त वेळा सापडतो तो नोरोव्हायरस. त्याची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 12 ते 48 तास लागतात. तुमचा हिशेब इथेच स्पष्ट होतो. सासूबाईंना नोरोव्हायरस झाला असेल, तर त्याची लागण बोटीवर चढण्याआधीची आहे. आणि सासूबाईंच्या उलटीनंतर सातच तासांत मुलाला त्रास झाला, म्हणजे त्यांच्याकडून त्याला लागण झाली असंही नाही. दोघांनी कुठेतरी एकच काहीतरी खाल्लं-प्यायलं असावं. ते रात्रीचं जेवण असेल, नाहीतर निघण्याआधी वाटेत घेतलेलं काही.

साल्मोनेला हा जंतू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उपटतो आणि सोबत बहुतेकदा ताप असतो. म्हणून गेल्या तीन दिवसांत कुणी काय, कुठे, किती वाजता खाल्लं हे कागदावर लिहून बोटीवरच्या डॉक्टरांना द्या. "काल काहीतरी बाहेरचं खाल्लं" एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही.

प्रश्न: बुफेच्या दाराशी सॅनिटायझर असतो. तो लावला की पुरे ना? (मालवणहून एक वाचक)

उत्तर: नाही. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान 20 सेकंद हात चोळा. नखांच्या कडा आणि अंगठे बहुतेकांचे राहून जातात. बुफेतला चिमटा शेकडो हातांतून जातो, म्हणून वाढून घेतल्यावर आणि खायला बसण्याआधी पुन्हा हात धुवा.

गरम पदार्थातून वाफ येत नसेल तर तो घेऊ नका. तो 60 अंशांच्या वर असायला हवा. उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं टाळा, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर एक तासापेक्षा जास्त. तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातला विषाणू त्यांच्या अंगात साठतो. शिंपला नुसता उघडेपर्यंत वाफवणं त्यासाठी पुरत नाही. बोटीवर अर्धकच्चे शिंपले खाऊच नका.

प्रश्न: ओआरएस किती आणि कसं द्यायचं? नारळपाणी चालेल का? वडिलांना मधुमेह आणि बीपी आहे. (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर: साडेवीस ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. सर्वांत जास्त चूक इथेच होते. अख्खं पाकीट एका ग्लासात ओततात. ते इतकं दाट होतं की जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठही चढतं. बोटीवर अर्ध्या लिटरची बाटली मिळाली तर दोन बाटल्या घ्या. छोटी पाकिटं 200 मिलीचीही मिळतात, तेव्हा पाकिटावरचं वाचूनच कालवा. कालवलेलं 24 तासांनी ओतून टाका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. घटाघटा प्यायलं की पुन्हा उलटी होते. प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला 100 ते 200, मोठ्यांना 200 ते 400 मिली. सहा महिन्यांवरच्या मुलांना झिंक 20 मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी ते मधेच सोडू नका.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते टाळाच. त्यापेक्षा उकड्या तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज उत्तम. बोटीच्या स्वयंपाकघराला पाण्यात गळेपर्यंत शिजवलेला मीठ घातलेला भात मागा, मिळतो. सोलकढी मात्र पोट सावरेपर्यंत नको.

वडिलांबाबत जरा जास्त काळजी घ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात किंवा रक्तातलं आम्ल वाढवतात. कोणती थांबवायची ते निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन मनाने बंद करू नका. जुलाब थांबवायची लोपेरामाइड मुलांना देऊ नका. शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

प्रश्न: बोटीवर बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज सुटली, डोकं दुखू लागलं. जन्मभर मासे खाल्ले, आता अ‍ॅलर्जी कशी? (वेंगुर्ल्याहून एक वाचक)

उत्तर: ही बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे. बांगडा, कुपा असे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांत हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं. एकदा तयार झालं की ते तळून, उकळून किंवा गोठवूनही जात नाही. त्याच ताटातला मासा खाल्लेल्या इतरांनाही असंच झालं का, ते विचारा. डॉक्टर अँटिहिस्टामिन देतात आणि बहुधा काही तासांत उतार पडतो. ताजा बांगडा तुम्ही पुढेही खाऊ शकाल, पण आधी डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जी नाही याची खात्री करून घ्या. जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र एक मिनिटही थांबू नका.

प्रश्न: सांगितलं तर केबिनमध्ये कोंडतील आणि बिलही लावतील, म्हणून बरेच जण गप्प बसतात. काय करावं? (अलिबागहून एक वाचक)

उत्तर: सांगावं, आणि पहिल्या उलटीलाच. तुम्ही लपवलंत की शेजारच्या केबिनमधलं तान्हं बाळ आजारी पडतं. लक्षणं थांबल्यावरही 48 तास केबिनमध्येच राहा, बुफेत जाऊ नका, पोहण्याच्या तलावात उतरू नका. उलटी स्वतः पुसू नका, सफाईवाल्यांना बोलवा. फ्लश करताना झाकण लावा.

डॉक्टरांचं आणि सलाइनचं बिल बहुतेक बोटींवर वेगळं असतं. तुमच्या विम्यात भरती न होता घेतलेले उपचार बसतात का, ते आधीच बघा. प्रत्येक पावती आणि डॉक्टरांचा लेखी कागद जपून ठेवा. सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर चक्कर, शौचातून रक्त, किंवा बाळ सुस्त पडलेलं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना केबिनमध्येच बोलवा. रुग्णाला किनाऱ्यावर हलवायचं झालं तर कॅप्टन तटरक्षक दलाशी बोलतो. त्यांचा मदत क्रमांक 1554. घरी परतल्यावर त्रास झाला तर 108. घरातली उलटी आधी कागदाने उचला, मग एक लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं ब्लीच 20 मिली घालून ते त्या जागेवर निदान पाच मिनिटं राहू द्या. त्यात संडासचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.