तिघांचीही ५० आली, मग तुलना कशाची करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रोहू, कटला आणि मृगळ यांची गुणसूत्रं मोजली, तिघांतही २एन (पेशीतली एकूण गुणसूत्रं) = ५० आलं. मृगळाच्या काही प्लेटांत (एका पेशीच्या पसरलेल्या गुणसूत्रांच्या घोळक्यांत) मात्र ४७-४८ दिसतात. तो जातीतला फरक मानायचा का, आणि आकडा सारखाच असेल तर प्रकल्पात लिहायचं काय?

आधी ४८ चं बघू. तो फरक मृगळातला नाही, स्लाइडमधला आहे. पेशी फुगवायला वापरतात त्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी गरजेपेक्षा जास्त फुगल्या की थेंब पडताना फुटतात आणि कडेची दोन-चार गुणसूत्रं निसटतात. माझी एक अख्खी बॅच अशी गेली आहे. मूत्रपिंडाच्या पुढच्या भागाच्या पेशी २५ मिनिटांऐवजी जवळजवळ पाऊण तास द्रावणात राहिल्या आणि सगळीकडे ४४, ४५, ४६. तेल लावून १०० च्या भिंगाखाली पाहिलं तेव्हा लक्षात आलं की घोळक्याला कडाच नाही, दोन गुणसूत्रं तर पार लांब शेजारच्या पेशीजवळ पडलेली. गोल, सुटसुटीत पसरलेल्या निदान ५० प्लेट मोजा, सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा धरा आणि बाकीचे आकडेही तक्त्यात द्या. लपवू नका.

आता मुख्य मुद्दा. ५० = ५० म्हणजे गुणसूत्रं सारखी, असं अजिबात नाही. सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे मिळतात ती आवळलेली जागा, मधोमध आहे की टोकाला, यावरून भुजा मोजा. १९६४ सालची लेव्हान आणि सहकाऱ्यांची पद्धत अजूनही चालते: लांब भुजा भागिले आखूड भुजा. १.७ पर्यंत मेटासेंट्रिक, ३ पर्यंत सबमेटासेंट्रिक, ७ पर्यंत सबटेलोसेंट्रिक, त्यापुढे टोकाचं. एखाद्या गुणसूत्राचा तुकडा सेंट्रोमिअरसकट उलटा बसला तर आकडा तोच राहतो, भुजांची एकूण संख्या मात्र बदलू शकते.

इथे एक सावधगिरी हवीच. रोहूची सूत्रं (कोणत्या प्रकारची गुणसूत्रं किती, ते) वेगवेगळ्या शोधनिबंधांत वेगवेगळी छापलेली आहेत, त्यांच्याशी स्वतःची मापं जुळवत बसू नका. पेशीचं विभाजन मध्येच थांबवणारं कोल्चिसिन जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखडतात आणि गुणोत्तरं हलतात. तिन्ही जातींच्या सारख्या वजनाच्या बोटुकल्या घ्या, डोस तोच, वेळ तीच, शक्यतो एकाच दिवशी. अशी तुलना तुमची स्वतःची असेल आणि ती टिकेल. जमलं तर सिल्व्हर नायट्रेटने एनओआरच्या (गुणसूत्रावर जिथे केंद्रिका तयार होते त्या) जागाही दाखवा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की चांदी काम करत असलेलीच जागा दाखवते, झोपलेली नाही.

हा आकडा सारखा असण्याची किंमत बीज केंद्रांवर मोजावी लागते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. एकाच कुंडात रोहूच्या माद्या आणि कटल्याचे नर आले तर संकर सहज होतो. दोन्हीकडून २५-२५ येतात, पिल्लाची ५० होतात, आणि ते मोठं होऊन पुन्हा अंडी घालतं. म्हणजे नुसती गुणसूत्रं मोजून असा संकरित मासा ओळखताच येत नाही, आणि तो प्रजनकांत मिसळून जातो. सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची, गोष्ट वेगळी. त्याची साधारण १००, कारण त्याच्या पूर्वजांत दोन वेगळ्या जातींचे संच एकत्र आले. रोहूशी संकर केला तर २५ + ५० = ७५, जोड्या नीट लागत नाहीत आणि मासा वांझ राहतो. लोणावळ्याच्या वळवण तलावावर ज्याचं बीज तयार करतात त्या महाशीराचीही १०० आहेत.

तुमच्या मार्गदर्शकांना आकड्यातलाच फरक हवा असेल तर मरळ घ्या. एकाच चन्ना वंशातल्या (जीनस) जातींपैकी पंक्टाटाची ३२, स्ट्रायाटाची ४०, मारुलियसची ४४, आणि ओढ्यातल्या गाचुआची ७८ नोंदलेली आहेत. पंक्टाटात दोन भुजांची गुणसूत्रं भरपूर, म्हणजे एकेका भुजेची दोन गुणसूत्रं जोडली जाऊन एक झालं असावं. गाचुआच्या बाबतीत मासा नीट ओळखून घ्या. जुन्या भारतीय निबंधांत त्यालाच ओरिएंटॅलिस म्हटलेलं सापडतं, पण ती श्रीलंकेतली जात आणि तिला पोटाखालचे पर नसतात. स्लाइड केलेला प्रत्येक मासा फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवा आणि बाटलीवर स्लाइडचाच क्रमांक घाला.