आधी स्क्रीन, मग प्लाय
वाचकांचे प्रश्न : टेबलावर मावणारं घरगुती आर्केड कॅबिनेट

प्रश्न : गिरगावात दोन खोल्यांचं घर आहे. टेबलावर ठेवून खेळता येईल आणि एरवी कपाटावर चढवता येईल असं आर्केड, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमची पेटी, बनवायचंय. पेटीचं माप कशावरून धरायचं? दोघांसाठी बनवावं का?

माप स्क्रीनवरून धरा. हातात स्क्रीन आल्याशिवाय प्लाय कापायला देऊ नका. बहुतेकांची पेटी इथेच बिघडते.

जुने आर्केड गेम ४:३ आकाराच्या पडद्यासाठी बनले होते. लॅपटॉपचं १५.६ इंची रुंद पॅनेल घेतलंत, तर त्याची उंची जेमतेम १९४ मि.मी. असते. त्यावर ४:३ चित्र २५८ मि.मी. रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. जुन्या १७ इंची चौकोनी मॉनिटरवर (१२८० × १०२४) तेच चित्र ३३८ × २५३ मि.मी. भरतं. 'पॅक-मॅन', 'स्पेस इन्व्हेडर्स' यांसारख्या उभ्या पडद्याच्या गेममध्ये फरक आणखी जाणवतो : रुंद पॅनेलवर चित्राची रुंदी १४५ मि.मी., चौकोनी मॉनिटरवर २०२. म्हणून आमचं मत जुन्या चौकोनी मॉनिटरच्या बाजूने आहे. लॅमिंग्टन रोडला वापरलेला मॉनिटर घेताना दोन गोष्टी बघा. एक, प्लग काढून परत लावल्यावर तो आपोआप चालू होतो का. नाही तर दर वेळी पेटी उघडून त्याचं बटण दाबावं लागेल. दोन, किंचित वरून आणि किंचित खालून बघितल्यावर रंग किती बदलतात. स्वस्त, टीएन प्रकारचं पॅनेल उभं फिरवून बसवलं, की हाच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि शेजारी बसलेल्याला चित्र फिकट दिसतं.

मॉनिटरचं प्लास्टिक काढलं की १७ इंची पॅनेलची पत्र्याची चौकट साधारण ३५९ × २९७ मि.मी. उरते. आतली रुंदी ३८ सें.मी. आणि बाजूंना १२ मि.मी. प्लाय धरला, तर बाहेरून ४०.४ सें.मी. एकट्यासाठी एवढं पुरेसं आहे. दोघांसाठी जॉयस्टिक-बटणांचं पॅनेल, म्हणजे पुढची फळी, किमान ६० सें.मी. रुंद हवं, नाही तर कोपरं एकमेकांत अडकतात. कपाटावर चढवायचं असेल तर एकट्यापुरतंच बनवा. दुसऱ्यासाठी मागे एक यूएसबी सॉकेट ठेवा आणि साधा गेमपॅड जोडा.

मॉनिटरची पॉवर सप्लाय पाटी तिच्या पत्र्याच्या आवरणातून बाहेर काढू नका. प्लग काढल्यानंतरही तिच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतदाब (व्होल्टेज) राहतो. पडद्यामागे उजेडासाठी ट्यूब असलेल्या जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये त्या ट्यूबला वीज देणारा इन्व्हर्टरचा भाग वेगळा, तोही जास्त दाबाचा असतो.

प्लाय कापण्याआधी पुठ्ठ्याची पेटी करून टेबलावर ठेवा, खुर्चीत बसा आणि हात ठेवून बघा. पडदा मागे किती झुकवायचा हे कागदावर ठरत नाही. उंच माणसाला जास्त कल लागतो, मुलांना कमी.

प्रश्न : एमडीएफ स्वस्त पडतं आणि कापायलाही सोपं. मुलुंडला तळमजल्यावर राहतो. चालेल ना?

जून ते सप्टेंबर तळमजल्यावर? नको. साध्या एमडीएफच्या कडा दमटपणा शोषून फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. स्क्रू जिथे कडेत जातो तिथे तर ते पदरापदराने सुटतं. दुकानात साधा एमआर ग्रेडचा प्लाय पुढे करतील. तुम्ही आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मागा. तो महाग वाटला तर एचडीएचएमआर बोर्ड घ्या. तो जड असतो, पण कडा सुबक कापल्या जातात. एवढ्या पेटीला ८ × ४ फुटांची अख्खी शीट लागत नाही. प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे बघा आणि तिथल्याच सॉवर सरळ काप मारून घ्या.

सनमायका आतून-बाहेरून दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावली, तर उघडी बाजू हवेतला दमटपणा घेते आणि पातळ फळी वाकते. निदान आतून दोन हात सीलर मारा. कडांना एज बँडिंग पट्टी, स्क्रू स्टेनलेसचे. समुद्राच्या जवळ साध्या स्क्रूंची डोकी लवकर गंजतात आणि गंजाचे डाग सनमायकावर उतरतात. हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी लावायला विसरू नका. उबदार अंधारी पेटी झुरळांना फार आवडते.

प्रश्न : ३० मि.मी.ची बटणं १२ मि.मी. प्लायमध्ये अडकतच नाहीत, दाबली की वर येतात. जॉयस्टिकचा दांडाही वर फारच थोडा येतो. (परळ)

तुम्ही क्लिपवाली बटणं घेतली आहेत. त्यांचे प्लास्टिकचे कान दोन-चार मि.मी. जाडीच्या पत्र्याला किंवा ॲक्रिलिकला धरतात, १२ मि.मी. लाकडाच्या आतच ते दबून राहतात. गोंदाने चिकटवू नका. आतला स्विच बिघडला की बटण काढता येणार नाही. लाकडासाठी खालून प्लास्टिकचा नट फिरवायची आट्यांची बटणं मिळतात. घेताना आट्यांची लांबी मोजा, प्लाय आणि त्यावर झाकायचं ॲक्रिलिक यांच्या एकत्र जाडीपेक्षा ती जास्त हवी. भोकाचं मापही तपासा, कारण अमेरिकी पद्धतीच्या बटणांना साधारण २८ मि.मी. भोक लागतं आणि ३० मध्ये ती हलतात.

जॉयस्टिकसाठी प्लाय खालून पोखरावा लागेल. जॉयस्टिकची पत्र्याची पट्टी मावेल एवढा चौकोन आखून राउटरने, नाही तर पटाशीने, वर चार-पाच मि.मी. जाडी उरेपर्यंत खणा. दांड्यासाठी २४ मि.मी. भोक. उरलेल्या पातळ थरात खालून लाकडी स्क्रू मारू नका, जोरात खेळताना ते उपटतात. वरून एम-४चे चपट्या डोक्याचे बोल्ट घाला, खाली नट द्या आणि डोकी ॲक्रिलिकखाली झाका.

भोकं होल सॉने पाडताना फळीखाली टाकाऊ लाकूड क्लॅम्पने घट्ट आवळा, म्हणजे खालचा थर फाटणार नाही. ३ मि.मी. ॲक्रिलिक दोन प्लायच्या मधे दाबून, कमी वेगात, थांबत थांबत पाडा. वेगाने ते वितळून बिटाला चिकटतं, आणि शेवटच्या क्षणी जोर दिला की तडकतं. बटणांच्या मध्यांमधलं अंतर ३६ मि.मी. ठेवा. पॅनेलखाली सात सें.मी. मोकळी जागा सोडा. पॅनेल मागच्या कडेला बिजागरीवर बसवा आणि वायरी १५ सें.मी. सैल ठेवा, दुरुस्तीच्या दिवशी याचं महत्त्व कळेल.

प्रश्न : जॉयस्टिक डावीकडे ढकलली की पात्र उजवीकडे जातं.

दांडा डावीकडे गेला की खालचं टोक उजवीकडे जातं, म्हणून 'डावीकडे'चा स्विच उजव्या बाजूला असतो. डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. वर-खालीही उलट असेल, तर जॉयस्टिकच १८० अंशांत फिरवून बसवा.

प्रश्न : गेम चालवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड वापरतो. खेळताना कोपऱ्यात पिवळी वीज दिसते आणि गेम मंदावतो. चार्जर मोबाइलचा आहे. (चेंबूर)

ती खूण म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. चार्जर ठीक असला तरी लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज घटतं. गेम चालू असताना मल्टिमीटरने पायच्या पिन २ आणि ६ वर मोजा. मात्र प्रोब घसरू देऊ नका, शेजारची पिन जोडली गेली तर बोर्ड जाऊ शकतो. बटणांचे एलईडी, पंखा, ॲम्प्लिफायर हे सगळं पायच्याच ५ व्होल्टवर टांगलं असेल, तर ते वेगळ्या अडॅप्टरवर घ्या.

खूण गेली तरी गेम मंदच राहिला, तर उष्णता बघा. ८० अंशांच्या आसपास पाय स्वतःहून वेग कमी करतो. हीटसिंक लावा, तळाला भोकं आणि मागे वरच्या बाजूला ४० मि.मी.चा पंखा द्या. मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटीत पंख्याशिवाय ठेवू नये.

मेन स्विच थेट बंद करायची सवयही सोडा. पायच्या मेमरी कार्डावर लिहिणं चालू असतानाच वीज गेली, की फाइल सिस्टिम खराब होते आणि पुढच्या वेळी पडदा काळा राहतो. पिन ५ आणि ६ मध्ये एक पुश बटण जोडा आणि पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले, म्हणजे बटणाने पाय नीट बंद करायची सोय, चालू करा. तेच बटण बंद झालेला पाय पुन्हा जागाही करतं.

प्रश्न : स्पीकरमधून सतत घूं घूं येतं. ॲम्प्लिफायर पीएएम८४०३ चिपचा आहे. (दादर)

पाय आणि ॲम्प्लिफायर एकाच ५ व्होल्टवर असतील, तर प्रोसेसरचा गोंगाट आवाजात मिसळतो. वेगळा अडॅप्टर द्या. तरीही राहिला तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. या चिपमध्ये दोन्ही स्पीकरच्या ऋण वायरी एकत्र जोडायच्या नसतात, ग्राउंडलाही नाहीत. तसं केलं असेल तर आधी ते सोडवा.

प्रश्न : दोन खेळाडूंचे दोन स्वस्त यूएसबी एन्कोडर (बटणं-जॉयस्टिक पायला जोडणारे बोर्ड) लावलेत. कधी कधी चालू केल्यावर पहिला खेळाडू दुसरा होतो. (बोरिवली)

दोन्ही बोर्डांचं नाव एकच असतं, त्यामुळे पायला ते वेगळे ओळखता येत नाहीत. आधी त्यांचे यूएसबी पोर्ट कायमचे ठरवून खुणा करा. भागलं नाही तर कीबोर्डसारखा ओळखला जाणारा, दोघांचा मिळून एकच एन्कोडर घ्या; त्यात क्रमाचा प्रश्नच उरत नाही. नवा बोर्ड घेताना लग, म्हणजे बटणांची वायर खोचायची पत्र्याची टोकं, बघून घ्या : जपानी पद्धतीच्या बटणांना २.८ मि.मी., मोठ्या मायक्रोस्विचना ४.८ मि.मी.

प्रश्न : हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड विकत मिळतं. घ्यावं का? (घाटकोपर)

नाही. त्या गेमचे हक्क त्या-त्या कंपन्यांकडे आहेत, विकणाऱ्याकडे नाहीत. व्यवहारातही ते त्रासाचं असतं : एकाच गेमच्या अनेक आवृत्त्या, आणि निम्मे गेम 'फाइल सापडली नाही' म्हणून थांबतात. याचं कारण असं, की एमएएमई या जुने आर्केड गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या प्रत्येक आवृत्तीला तिच्या बरोबरीचाच रॉम-संच (गेमच्या फाइलींचा संच) लागतो. एमएएमई २००३ या कोअरला (आवृत्तीला) ०.७८चा, एमएएमई २०१० कोअरला ०.१३९चा. निओ-जिओ या आर्केड यंत्राच्या गेमना शिवाय बायोसची, म्हणजे त्या यंत्राच्या मूळ प्रोग्रामची, वेगळी फाइल लागते. पेटीच्या चाचणीसाठी एमएएमईच्या अधिकृत साइटवर हक्कधारकांनी अव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेले गेम आहेत, उदाहरणार्थ 'रॉबी रोटो'.

प्रश्न : 'पॅक-मॅन'मध्ये वळण हमखास चुकतं, बाकी गेम उत्तम चालतात. (विलेपार्ले)

जॉयस्टिक आठ दिशांची आहे आणि गेम चार दिशांचा. दांडा तिरका गेला की दोन स्विच एकदम लागतात आणि गेमला कुठली दिशा घ्यावी ते कळत नाही. जॉयस्टिकच्या बुडाला प्लास्टिकची चौकट असते, तिला गेट म्हणतात. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये ती काढून ४५ अंशांत फिरवून बसवली की चार दिशांची होते. मारामारीचे गेम खेळायच्या आधी परत फिरवावी लागेल.