त्यांच्या जुन्या ग्रुपच्या जेवणाला मी कशाला जाऊ?

सणासुदीच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, कधी कॉलेजच्या पोरांकडून तर कधी पन्नाशीच्या माणसांकडून, की कुणीतरी आपल्या जुन्या ग्रुपच्या जेवणाला बोलावलंय, त्यांचं हे वर्षानुवर्षं चालत आलेलं, आता मी मधेच जाऊन काय करू? एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतली, नोकरी करणारी, एरवी बोलायला एकदम मोकळी. ऑफिसातल्या मैत्रिणीने बोलावलेलं. सात जणींचा शाळेपासूनचा ग्रुप, दरवर्षी सुट्टीत एकीच्या घरी जेवायला जमायचं हे ठरलेलं. ही मागच्या वर्षी जाऊन आली होती आणि यंदा पुन्हा बोलावणं आलं होतं. तिने फोन माझ्यासमोर धरला, त्यात "बरं नाहीये गं, जमणार नाही" असं टाईप करून ठेवलेलं, चार दिवस झाले तरी पाठवलं नव्हतं आणि पुसलंही नव्हतं. म्हणाली, "मॅडम, त्या भिडेखातर बोलावतात हो, मी तिथे उपरीच."

अशा वेळी "काही होत नाही, जा बिनधास्त" असं मी म्हणत नाही, कारण समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन तोच मेसेज पाठवतो. मी म्हटलं, मागच्या वर्षीची ती संध्याकाळ मला दारात पाऊल टाकल्यापासून सांगा, कुठे बसलात, हातात काय होतं, सगळं.

हातात फोन होता. खुर्ची टेबलाच्या टोकाची, लवकर उठता यावं म्हणून तिनेच निवडलेली. मग कुठल्याशा जुन्या ट्रिपचा विषय निघाला, कुणाची तरी बॅग राहिली होती, कुणी नुसतं "बॅग" म्हटलं की सगळ्या हसून लोटपोट आणि हिला काही कळेना. मी विचारलं, तेव्हा कुणी तुमच्याकडे बघितलं का? ती जरा थांबली. "हो, शेजारची वळली होती, अगं थांब तुला सांगते काय झालेलं, असं म्हणत होती, पण मी म्हटलं असू दे असू दे, तुमचं चालू द्या."

इथेच खरी गोम होती. अवघडलेपणातून सुटायला आपण ज्या युक्त्या करतो, म्हणजे फोनमध्ये डोकं, कडेची जागा, "माझं काही नाही", त्यांना आमच्या मानसशास्त्रात सेफ्टी बिहेविअर म्हणतात, आणि आपली भीती त्यामागे लपते खरी पण समोरच्याला एवढंच दिसतं की हिला रस नाहीये.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवलं की अनोळखी माणसं बोलून झाल्यावर "मी काही त्यांना फारशी आवडले नसेन" असा अंदाज बांधतात आणि तो बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमीच निघतो. आणि जेफ्री हॉल या संशोधकाच्या अभ्यासात साध्या मैत्रीलाच साधारण 50 तास सोबत लागते, घट्ट मैत्रीला 200 च्या वर. तुमचे किती झाले? "तीन," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

(जिथे लोक मुद्दाम टोमणे मारतात, हिणवतात तिथे जायची सक्ती स्वतःवर करू नका, ते प्रकरण वेगळं. आणि माणसांत जायचीच भीती महिनोन्‌महिने वाटत असेल तर एखाद्या समुपदेशकाला नक्की भेटा.)

मग आम्ही ठरवलं, अर्धा तास आधी जायचं आणि काहीतरी काम मागून घ्यायचं कारण हात गुंतले की बोलणं आपोआप सुटतं, फोन पर्समध्ये, आणि जुना किस्सा निघाला की एकच करायचं, "मग काय झालं?" विचारायचं. दीड तासाने निघावंसं वाटलं तर खुशाल निघायचं.

ती गेली. तिने ग्लास मांडले, मोजून सात, तर जिच्या घरी होतं ती म्हणाली अगं आठ, स्वतःला धरलंच नाहीस. शाळेच्या बाईंच्या गप्पा निघाल्या तेव्हा तिला पुन्हा परकं वाटलं, वीसेक मिनिटं नुसती ऐकत बसली, हेही तिने मला सांगितलं. पण बॅगेचं तिने विचारलंच. तिघींनी तीन तऱ्हेने सांगितलं, बॅग नेमकी कुणी विसरली यावरून त्या आपसातच भांडायला लागल्या, आणि शेवटी हिच्याकडे वळून म्हणाल्या, आता तूच सांग कुणाचं खरं.