‘थिन’ आणि ‘तनु’ नात्यातले; ‘स्किनी’ आणि ‘क्षीण’ नाहीत

प्रश्न असा : इंग्रजी ‘थिन’ संस्कृत ‘तनु’वरून आला का? आणि त्याच न्यायाने ‘स्किनी’ म्हणजे ‘क्षीण’ का?

पहिल्यात नातं आहे, पण मायलेकरांचं नव्हे, चुलत भावंडांचं. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या घराण्यात) जुन्या ‘त’चा दातांत जीभ धरून उच्चारायचा ‘थ’ झाला. त्रि–थ्री, तृण–थॉर्न, तशीच तनु–थिन. लॅटिनमधलं भावंड ‘तेनुइस’. त्याच्यावरून ‘टेन्युअस’ (विरळ, तकलादू) पुढे इंग्रजीत आला. म्हणजे एकाच घराण्यातले दोघे, एक जन्माने तिथला, दुसरा उसना आणलेला.

मूळ धातूचा अर्थ ‘ताणणे’. टकळीवर सूत काढताना पेळू ओढत गेलं की तो लांबतो आणि लांबेल तसा बारीक होतो. ताणणं आणि बारीक होणं तिथे वेगळं काढताच येत नाही. आपले तंतू, ताण, गवयाची तान, सगळी याच धातूची प्रजा. ‘तनु’ म्हणजे फक्त शरीर असं वाटत असेल तर ‘तनुमध्या’ आठवा : बारीक कमरेची.

‘स्किनी’–‘क्षीण’ हे मात्र निव्वळ ध्वनिसाम्य. दोन्ही शब्द फोडून पाहा. ‘क्षीण’मध्ये धातू ‘क्षि’ (झिजणे), ‘ण’ प्रत्ययातला. ‘स्किनी’त ‘न’ मूळ शब्दाचाच आहे आणि प्रत्यय फक्त शेवटचा ‘ई’. ‘स्किन’ नॉर्स लोकांकडून (जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) आला, तिकडे अर्थ जनावराचं कातडं. जुळवायचंच तर ‘हडकुळा’ जवळचा : आपण हाडं मोजली, त्यांना कातडी दिसली. (इंग्रजी ‘लीन’, म्हणजे सडसडीत, आणि आपला ‘लीन’ हीही तीच फसगत. जुन्या इंग्रजीत त्यांच्या ‘लीन’च्या आरंभी ‘ह’ होता, आणि असा ‘ह’ मूळच्या ‘क’चा असतो.)

सगळ्यात मजेदार ‘स्लिम’. सतराव्या शतकात डचमधून आला तेव्हा अर्थ वाकडा, वाईट, लबाड असा होता. जर्मन ‘श्लिम’ अजून ‘वाईट’च आहे, डचमध्ये मात्र लबाडीची हुशारी झाली, त्यामुळे तिथे कुणी ‘स्लिम’ म्हणालं तर ते डोक्याबद्दल, कमरेबद्दल नाही. इंग्रजीत ‘वाईट’चं ‘क्षुल्लक, तुटपुंजं’ झालं. ‘स्लिम चान्स’मध्ये हीच छटा उरली आहे.

‘गॉन्ट’च्या (इंग्रजीत हडकलेला) चर्चेत इंग्रज राजपुत्र जॉन ऑफ गॉन्टला ओढू नये. तो १३४० साली घेंट शहरात (आजच्या बेल्जियममध्ये) जन्मला, म्हणून गॉन्ट; अंगकाठीचा संबंध नाही.